रस्ता मोकळा आहे

दहा-बारा दिवसांपूर्वी सकाळी इस्लामपूरच्या बाहेर पडलो आणि चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं. थांबून पाहिलं तर उसाचं कांडं. ट्रॉलीतून पडलेलं, माझ्याआधी चार-सहा गाड्यांनी चेचलेलं, भोवतालचं डांबर रसाने ओलं झालेलं. म्हणजे कारखाना सुरू झाला, गव्हाणीत मोळी पडली. आता मार्च उजाडेपर्यंत हा रस्ता असाच चिकट राहणार. सकाळचं धुकं, त्या धुक्यात मळीचा आंबूस वास, आणि ध्यानीमनी नसताना समोर येणारी उसाची भिंत. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवरून लोंबणारं पाचट, आणि पुढे गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी ट्रॅक्टरवाल्याला पत्ता लागू नये. पेपरात याला गळीत हंगाम म्हणतात. आमच्याकडे नुसतं ‘सीझन’. सीझन सुरू झाला की इथली माणसं खुशीत असतात. मलाही पूर्वी तो आवडायचा. वाटेत गाडी थांबवून ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याकडून दोन कांडी मागून घ्यायची आणि दाताने सोलत उभं राहायचं, एवढी चैन मी कितीतरी वर्षं केली. आता ते कांडं मोडल्याचा आवाज ऐकला की हात आधी ब्रेकवर जातो.

मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. बावीस वर्षं इस्लामपूर-सांगली अप-डाऊन करतो, आणि त्यातली सोळा एकाच मोटारसायकलवर. सांगलीत घर का केलं नाही, असं लोक विचारतात. आधी आईला गाव सोडवेना, मग बायकोला सोडवेना, आणि आता मलाच सोडवत नाही. प्रयोगशाळा साडेसातला उघडावी लागते, म्हणून मी सहाला निघतो. माझी गाडी पंचेचाळीसच्या वर कधी जात नाही. याला लोक शिस्त म्हणतात. ती शिस्त नाही, भीती आहे. लहानपणापासून मी भित्रा आहे आणि भित्र्या माणसाला पुष्कळदा फुकटचा मान मिळतो, तसा तो मला मिळाला.

कॅमेरे आले तेव्हाची गंमत आठवते. साताऱ्याला माझी बहीण दिलेली आहे. एकदा तिच्याकडे निघालो आणि हायवेला लागलो, तर कऱ्हाडच्या पुढे सगळ्या गाड्या एकदम सभ्य झालेल्या. गुरुजी वर्गात आल्यावर पोरं बसतात तशा ओळीने आणि हळू. वर पाहिलं तर लोखंडी कमानीवर कॅमेरे. ती कमान ओलांडली आणि दोनशे पावलांवर पुन्हा धुमाकूळ. मी आपला डाव्या कडेने जात राहिलो. चार दिवसांनी मोबाइलवर चलन आलं ते मलाच. वेगाचं नव्हतं, हेल्मेटचं होतं. फोटो इतका स्वच्छ की लपवायला जागा नाही. हेल्मेट टाकीवर ठेवलेलं आणि टक्कल उन्हात चमकतंय. घरात आठवडाभर तो फोटो फिरला. बायकोने तो तिच्या माहेरच्या ग्रुपवरही टाकला.

मग आमच्या रस्त्यावर कॅमेऱ्याची गाडी उभी राहू लागली. पांढरी गाडी, आत बसलेले दोघं, खिडकीतून रोखलेलं ते वेग मोजायचं यंत्र. कधी आष्ट्याच्या अलीकडे, कधी तुंगच्या वळणापाशी, कधी डिग्रजजवळ, आणि कधी चार-चार दिवस कुठेच नाही. आमच्या लोकांनी यावर जो उपाय काढला तो फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतो. कोणी वेग कमी केला नाही. अप-डाऊन करणाऱ्या तीसेक माणसांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. त्यात बँकेतले होते, औषधदुकानवाले होते, तलाठी होते, दोन शिक्षिका होत्या. सगळे घरंदाज, देवाधर्माचं करणारे. ग्रुपवर रोज एकच गोष्ट कळवायची, ती पांढरी गाडी आज कुठे उभी आहे. तिला आम्ही ‘पाहुणे’ म्हणायचो. ‘पाहुणे तुंगला बसलेत’, एवढं आलं की तीस माणसं तुंगच्या अलीकडे शहाण्यासारखी चालायची आणि पलीकडे गेल्यावर सुटायची.

सगळ्यांत आधी रस्त्यावर येणारा मी. म्हणून कळवायचं काम माझ्याकडे आलं. डिग्रजच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे सहा-चाळीसला पोचलो की चहा सांगायचा, हातमोजा काढायचा आणि ग्रुपवर टाकायचं. पाहुणे असतील तर जागा. नसतील तर तीन शब्द : ‘रस्ता मोकळा आहे.’ की लगेच अंगठे, हात जोडलेली चित्रं, ‘धन्यवाद मास्तर’. आयुष्यभर परीक्षानळ्या धुतल्या, तिथे कोणी धन्यवाद म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते फार गोड लागायचं. रविवारी चुकल्यासारखं व्हायचं.

मास्तर हे नाव मला संपतने दिलं. मी मास्तर नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. संपत आमच्याच गल्लीतला. सतरा वर्षं लष्करात ट्रक चालवून हवालदार म्हणून परत आला, आणि माधवनगरला एका गोदामावर सुरक्षेचा सुपरवायझर म्हणून लागला. अंगाने शेलाटा, मिशा कापलेल्या, बूट आरशासारखे. घरी बायको सुनंदावहिनी आणि एक मुलगी, शीतल. बर्फात, कोसळत्या दरडीखाली, हाताच्या अंतरावर दरी, अशा ठिकाणी गाडी चालवून त्याला कधी खरचटलं नाही, आणि घरच्या सपाट रस्त्यावर असं व्हावं, हे वाक्य पुढे त्याच्या दहाव्याला मी निदान वीस जणांच्या तोंडून ऐकलं.

मी त्याला एकदा विचारलं होतं, तिकडे एवढा शिस्तीत चालवायचास, मग इथेच काय अंगात येतं? तेव्हा तो हसला होता.

“तितं कॉन्व्हॉय असतो मास्तर. म्होरच्या गाडीनं जेवढं सांगितलं तेवढंच पळायचं. हितं कोन सांगनार?”

त्याचं ते बोलणं मी तेव्हा चेष्टेवारी नेलं. आता वाटतं, तो सगळ्यांच्या वतीने बोलून गेला. आम्हाला सांगणारं कोणीतरी लागतं. कमान लागते, खांब लागतो, खिडकीतून रोखलेलं यंत्र लागतं. ते नसलं की आपल्या जिवाची किंमतसुद्धा आपल्याला कळत नाही. संपतलाही चलन आलं होतं, साताऱ्याच्या वाटेवर, वेगाचं. निवृत्त सैनिकांच्या कुठल्याशा कामाला तो गेला होता. फोटो दाखवत म्हणाला होता, हिरोवानी आलोय का न्हाई? आणि खरंच आला होता. पुढे झुकलेला, शर्ट फुगलेला, चेहऱ्यावर असा आनंद की दंड पाठवणाऱ्यालाही हसू यावं.

आमच्या ग्रुपचा अजून एक हिशेब होता, आणि सगळं घडलं ते त्या हिशेबाने. पाहुणे असले तर हळू जावं लागणार, म्हणून घरून लवकर निघायचं. नसले तर मग घाई कशाला? वीस मिनिटं घरीच काढायची आणि ती वाटेत भरून घ्यायची. संपतला आठला माधवनगरात रात्रीच्या पाळीच्या माणसाला सोडवायचं असायचं आणि एक मिनिट इकडचं तिकडे झालेलं त्याला खपत नसे. तेव्हा पाहुणे असले की तो पावणेसातला निघायचा, नसले की सात-पाचला. म्हणजे त्याच्या घरातून त्याने कधी पाऊल बाहेर टाकायचं हे माझ्या मेसेजवर ठरायचं. तीस घरांत तसंच. बायका विचारायच्या, मास्तरांचं आलं का? आणि आलं की त्याप्रमाणे डबा भरायच्या. मला तेव्हा याचा अभिमान वाटायचा, हेही लिहून ठेवतो.

तो जानेवारी होता. त्या वर्षी ऊस फार झाला होता आणि धुकंही फार. कारखान्याच्या वाटेवर ट्रॉल्यांच्या रांगा, फडात तोडकऱ्यांच्या खोपट्यांचा धूर, त्या धुरात मिसळलेलं धुकं. हेल्मेटची काच पुसून पुसून बोटं गारठायची. आष्टा मागे टाकलं आणि सहा-वीसच्या सुमाराला माझ्या दिव्याच्या उजेडात एकदम पाचट दिसलं. पुढे काय आहे हे कळायच्या आत हात ब्रेकवर गेला. पंचेचाळीसला होतो म्हणून वाचलो. दोन ट्रॉल्या डांबरावरच उभ्या होत्या, मागच्या ट्रॉलीचं चाक बसलेलं. ट्रॅक्टरही नाही, ड्रायव्हरही नाही. ट्रॅक्टर सोडवून चाक आणायला गेला असणार. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. चार दगड आणि बाभळीचा एक फाटा टाकलेला, तोही कोणाच्या तरी चाकाने बाजूला उडालेला.

मी त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. उजवीकडून वळसा घालून पुढे गेलो. तुंगला पाहिलं, पाहुणे नाहीत. डिग्रजला पाहिलं, नाहीत. टपरीवर उतरलो, चहा सांगितला, हातमोजा काढला आणि रोजच्यासारखं टाकलं : ‘रस्ता मोकळा आहे.’

मोकळा नव्हता. वीस मिनिटांपूर्वी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं की मोकळा नाही. पण माझ्या डोक्यात ट्रॉली आलीच नाही. विसरलो असंही म्हणता येणार नाही, कारण चहा पिताना मी टपरीवाल्याला सांगितलं की आज एका ट्रॉलीत घुसता घुसता राहिलो. त्याला सांगितलं. ग्रुपवर नाही. ग्रुप पाहुण्यांसाठी होता. कॅमेऱ्यांनी आमच्या नजरेला असं वळण लावलं होतं की रस्त्यावर बघायची गोष्ट ती एकच. बाकी खड्डा, गुरं, अंधारात उभा केलेला पंचवीस टन ऊस, हे सगळं मोकळ्यातच जमा.

बातमी मला प्रयोगशाळेत कळली. मुलांना क्षार ओळखायला दिला होता. फोन वाजत राहिला म्हणून घेतला. सात-वीसच्या आसपास, त्याच ट्रॉलीवर झालं होतं. संपतने ब्रेक मारल्याची खूण डांबरावर नव्हती, असं नंतर पंचनाम्याला गेलेला एक जण म्हणाला. मी फोन खिशात ठेवला आणि मुलांना म्हटलं, पुढची नळी घ्या.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. सुनंदावहिनींच्या ओसरीवर पसरलेली ताडपत्री आठवते. फ्रेम करायला फोटो शोधत होते, तर सगळे वर्दीतले, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. अलीकडचा चांगला फोटो एकच होता, तो चलनातला. शीतलने तो मोबाइलमध्ये मोठा करून पाहिला आणि बंद केला. लोक ट्रॉलीवाल्याला बोलत होते, धुक्याला बोलत होते. ट्रॉलीवाला खरंच दोषी होता आणि त्याच्यावर केसही झाली. मी मान हलवत होतो. ग्रुपवर तीस जणांनी श्रद्धांजली वाहिली. त्यांच्या बरोब्बर वर, दोन दिवस आधीचा, माझा मेसेज होता. कोणाच्या ते लक्षात आलं नाही, की आलं आणि बोलले नाहीत, मला माहीत नाही. ग्रुप आठवडाभर गप्प राहिला. मग एके दिवशी बँकेतल्या एकाने विचारलं, “मास्तर, आज काय?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा खोटं टाकलं. पाहुणे कुठेच नव्हते. मी लिहिलं, पाहुणे आष्ट्याच्या पुढे बसलेत. दुसऱ्या दिवशी तुंगला बसवले. तिसऱ्या दिवशी दोन ठिकाणी. त्या सीझनभर, पावसाळाभर, मग पुढचा सीझनभर, मी रोज सकाळी चहाच्या टपरीवर उभा राहून नसलेली गाडी कुठेतरी उभी करत आलो. सोबत ट्रॉली दिसली तर तीही लिहायचो, खड्डा लिहायचो. सुरुवातीला लोक हळू आले. नंतर कुरकुरले. पाहुणे कुठं दिसले न्हाईत मास्तर. मी म्हणायचो, आत्ताच उठले असतील. माणूस किती दिवस फसणार? वर्षभरात त्यांनी दुसरा ग्रुप काढला, दुसरा पहारेकरी नेमला, आणि माझ्या ग्रुपवर नुसती नावं उरली. माझा मेसेज पडायचा आणि खाली कोणी काही टाकायचं नाही.

एक जण मात्र रोज वाचत होतं. गेल्या वर्षी शीतल सांगलीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लागली. आईला एकटीला ठेवून तिकडे राहणं शक्य नाही, म्हणून तीही अप-डाऊन करू लागली, स्कूटीवर, त्याच रस्त्याने. बापाच्या नंबरच्या जागी तिचा नंबर ग्रुपवर आला. त्या दिवसापासून माझ्या खोट्याला काम मिळालं. बाकीचे गेले तर जाऊ देत. ही एक पोरगी रोज पावणेसातला घरातून निघावी आणि चाळीस-पंचेचाळीसने सांगलीला पोचावी, एवढंच मला हवं होतं. टपरीवर मी मुद्दाम रेंगाळायचो. ती सव्वासातच्या पुढे फाट्यावरून जायची, हात करायची. स्कूटी हळू असायची. मग मी पुढे निघायचो. प्रयोगशाळेला पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचा, शिपाई बडबडायचा, बडबडू दे म्हणायचो.

एकच गोष्ट आतून खात होती. ती ट्रॉली मी पाहिली होती हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. टपरीवाल्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं आणि तो विसरलाही असेल. बायकोला एकदा सांगायला गेलो आणि भलतंच काहीतरी बोलून उठलो. शीतल समोर आली की पाहुण्यांचंच काहीतरी बोलायचो. ती मला काका म्हणते. दिवाळीला वहिनी अजून फराळाचा डबा पाठवतात. तो डबा घेताना मला माझ्या हातांची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात, सीझन लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ती फाट्यावर थांबली. हात करून गेली नाही, स्कूटी स्टँडवर लावली आणि टपरीपाशी आली. हेल्मेट काढून केस मागे सारले. चहा नको म्हणाली. मग जे बोलली ते असं, की दुसऱ्या ग्रुपवरही ती पहिल्या दिवसापासून आहे, तिथला खरा निरोप तिला रोज येतो, आणि पाहुणे महिन्यातून दोन-तीनदाच असतात हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

मी विचारलं, मग तू हळू का येतेस?

“तुमी टाकताय म्हनून. मला वाटतं, कोनतरी रोज सकाळी उठून मी हळू यावं म्हनून एवढं खोटं बोलतंय, तर आपन ऐकावं.”

असं काही आपल्याला आयुष्यात कोणी म्हणेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी जर शहाणा असतो तर तिथेच थांबलो असतो. चहाचा ग्लास ठेवला असता, नीट जा म्हटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहुणे बसवले असते. पण ती एवढं चांगलं बोलली की मला ते सहन होईना. एवढ्या चांगुलपणाखाली आपण चोरासारखे बसलोय, असं झालं. वाटलं, हीच वेळ आहे. आता सांगितलं तर ही समजून घेईल. माफ करेल, असंही वाटलं असणार, खोटं कशाला बोलू.

मी सांगितलं. सगळं, अनुक्रमाने. ट्रॉली, बसलेलं चाक, बाभळीचा फाटा, वळसा, टपरी, मेसेज. ती ऐकत होती. चेहरा हलला नाही. रक्ताच्या नळ्या हाताळणाऱ्या माणसाचा असतो तसा स्थिर होता. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

“किती वाजता बघितली?”

मी म्हटलं, सहा-वीस.

“तुमचा मेसेज सहा-चाळीसला आला. पप्पांचे बूट घालून झाले हुते. मेसेज वाचला आन् बूट काढून परत आत आले. म्हनले, शीतल, अजून एक कप टाक. मी टाकला. ते सात-पाचला निघाले.”

मी हातातला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

“म्हंजे वेळ हुता, काका.”

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, आणि सांगलीच्या दिशेने गेली. टपरीवाल्याने ग्लास उचलून नेला.

संध्याकाळी मोबाइल पाहिला तर शीतलने ग्रुप सोडलेला होता.

तेव्हापासून मला एकच प्रश्न पडतो, की मी ते कोणासाठी सांगितलं. तिच्यासाठी म्हणावं तर तिला त्यातून काय मिळालं? एक कप चहा मिळाला, जन्मभर पुरेल असा. बापाला चहा करून देणं ही तिची शेवटची चांगली आठवण असेल, तीही मी नासवली. सांगितलं ते माझ्यासाठी. तीन वर्षं छातीवर धरलेलं मला खाली ठेवायचं होतं, ते मी तिच्या डोक्यावर ठेवलं. आणि त्या बदल्यात जे एक खोटं रोज उपयोगाला येत होतं तेवढं गमावलं. आता मी टाकतो ते वाचणारं कोणी नाही. पाहुणे तुंगला बसवले काय आणि दिल्लीला बसवले काय. ती आता खऱ्या ग्रुपच्या निरोपावर चालते, आणि खरा निरोप बहुतेक रोज एकच असतो.

ती फाट्यावरून कधी जाते ते कळत नाही. मी टपरीवर साडेसातपर्यंत थांबून पाहिलं, दोन दिवस. एकदा दिसल्यासारखी वाटली, पण हात केला नाही आणि थांबलीही नाही. वहिनींना विचारायचं धाडस होत नाही. तिने त्यांना सांगितलं असेल का? गल्लीतून जाताना मी मान खाली घालून जातो.

आज निघायला मला उशीर झाला. आईचं औषध सापडत नव्हतं, त्यात तासभर गेला. बाहेर धुकं असं की गल्लीच्या तोंडाशी असलेला खांब दिसेना. आष्टा सोडलं आणि मागून उजेड आला. हॉर्न नाही, काही नाही, उजवीकडून एक स्कूटी सुर्रकन पुढे गेली. हेल्मेट ओळखीचं, पाठीवरची पिशवी ओळखीची. साठ असेल, सत्तर असेल, मला दुसऱ्याचा वेग सांगता येत नाही. मी हॉर्न दिला. दिवा वर-खाली केला. पुढे जाणाऱ्याला मागचा दिवा कुठला दिसायला. नावाने हाक मारली, ती माझ्याच हेल्मेटमध्ये राहिली.

तिचा लाल दिवा थोडा वेळ दिसत होता. संपत गेला ती जागा पुढे यायची होती. रस्त्याच्या कडेने रात्री भरलेल्या ट्रॉल्या कुठे उभ्या असतील, कुठे नसतील, कोणाला ठाऊक. आज मी पहिला नव्हतो, तेव्हा पुढचं मला काहीच माहीत नव्हतं. दिवा बारीक झाला. मग धुक्यात दिसेनासा झाला.

मी मूठ पिळली. काटा पन्नासवर गेला, साठवर गेला. सोळा वर्षांत ही गाडी कधी एवढी पळाली नव्हती, तिचा सगळा सांगाडा थरथरत होता. हेल्मेटच्या काचेवर पाणी साचलं होतं आणि ते पुसायला हात सोडवत नव्हता. समोर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यात कुठेतरी शीतल होती, म्हणून मी आणखी पिळली.